यंत्राच्या मुठीचे स्क्रू सैल का होतात?

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील महाड व पोलादपूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसलेले आहेत. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपुरावरून महाडास येते व तेथून समुद्राकडे वळते. ज्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह झाला, ते तळे याच महाड शहरात आहे. येथे पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर व घाटाकडील भागात त्याहूनही अधिक पाऊस पडतो. सखल जमिनीत भात, डोंगरउतारावर नाचणी व वरी, आणि भात निघाल्यावर वाल अशी येथील पिकांची सर्वसाधारण रीत आहे. खाचरे लहान, बांध पुष्कळ, आणि पावसाळा सरता सरता बांधांवर माणूस झाकेल इतके गवत, अशी स्थिती असते. घरोघरची तरुण माणसे नोकरीधंद्यासाठी मुंबईकडे गेलेली असल्याने विळ्याने गवत कापण्यास माणूसबळ अपुरे पडते. त्यामुळे खांद्याला अडकवून चालविण्याचे गवतकापणी यंत्र, म्हणजे ग्रास कटर, आता येथील शेतीत चांगलेच रुळले आहे. त्याच्या जोडीला चिखलणीसाठी पॉवर टिलर आणि फवारणीसाठी पंप ही साधनेही आहेत.

ही सर्व यंत्रे हाताने धरून चालवावयाची असतात. हाताने धरावयाचे म्हटले की मूठ आली, आणि मूठ म्हटली की तिला धरून ठेवणारे दोन-चार स्क्रू आले. यंत्राची किंमत हजारांत असते व स्क्रूची काही रुपयांत. म्हणून स्क्रूकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मूठ हलू लागली म्हणजे शेतकरी तो स्क्रू जोराने आवळतो. आठ दिवसांत तो पुन्हा सैल होतो. पुन्हा आवळताना एक दिवस आटे जातात किंवा डोके तुटते, आणि मग मुठीला तार किंवा सुतळी गुंडाळून काम चालू राहते. हा प्रकार जितका सर्वत्र आढळतो तितकाच तो धोक्याचा आहे, आणि थोडी माहिती असल्यास तो सहज टाळता येण्याजोगा आहे.

लाकडी नांगराची पाचर

साधन सैल होणे ही अडचण यंत्राबरोबर आलेली नाही. लाकडी नांगराचे सांधे पाचर ठोकून आवळलेले असत. चिखलात नांगर भिजला की लाकूड फुगे व सांधा आपोआप घट्ट होई. उन्हाळ्यात लाकूड सुकले की तोच सांधा खुळखुळू लागे. शेतकरी औत जुंपण्यापूर्वी रुमणे हलवून पाही, पाचर ठोकून घेई, आणि मगच शेतात उतरे. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि पाचरेच्या जागी नट, बोल्ट व पाना हळूहळू शेतकऱ्याच्या घरी आले. साधन अधिक बळकट झाले, परंतु एक फरक पडला. लाकडाची पाचर पावसात स्वतः आवळत असे. लोखंडाचा बोल्ट स्वतः आवळत नाही. आवळणे व पाहत राहणे हे काम आता पूर्णपणे माणसाकडे आले आहे.

मूठ सैल राहिल्यास काय घडते?

ग्रास कटरची मुख्य मूठ पिस्तुलाच्या मुठीसारखी असते. प्लॅस्टिकचे दोन अर्धे भाग समोरासमोर ठेवून ते स्क्रूंनी जोडलेले असतात. या पोकळ मुठीच्या आत वेग वाढविण्याचा खटका, त्याची केबल आणि इंजिन बंद करण्याच्या बटनाची तार असते. हे स्क्रू सैल झाले म्हणजे दोन अर्ध्या भागांत फट पडते. खटका आपल्या जागेवरून सरकतो व केबल अडकते. केबल अडकल्यावर बोट उचलले तरी इंजिनाचा वेग कमी होत नाही, आणि वेग कमी झाला नाही तर पात्याचे फिरणेही थांबत नाही. कारण या यंत्रातील क्लच वेग उतरल्यावरच पात्याला मोकळे करतो. अशा वेळी बंद करण्याच्या बटनाची तारही घासून तुटलेली असेल, तर यंत्र थांबविण्याचा दुसरा जवळचा उपाय हाताशी राहत नाही.

मुठीचा दांडा ज्या पकडीने नळीवर बसविलेला असतो, त्या पकडीचे बोल्ट सैल झाल्यास धोका आणखी वाढतो. पाते दगडाला किंवा जाड खुंटाला लागले की यंत्र बाजूला उसळते. मूठ पक्की असेल तर माणूस तो धक्का सांभाळतो. मूठ नळीवर फिरत असेल तर पाते कोठे जाईल याचा नेम राहत नाही. पोलादपूरकडील उताराच्या बांधावर, ओल्या गवतात, एक पाय वर व एक खाली अशा स्थितीत हे घडल्यास पाय पात्याखाली येण्यास क्षणही लागत नाही.

याशिवाय सैल मूठ हातात अधिक थरथरते. दीर्घकाळ असे हादरे बसत राहिल्यास बोटांना मुंग्या येणे, ती बधिर होणे, थंडीत पांढरी पडणे असे विकार जडतात. युरोपीय देशांनी २००२ साली कामगारांच्या हातास किती कंप बसू द्यावा याची मर्यादाच कायद्याने ठरवून दिली. आपल्याकडे शेतकऱ्याचा हात हेच त्याचे भांडवल असल्याने ही गोष्ट अधिकच ध्यानात घेण्यासारखी आहे.

स्क्रू धरून ठेवतो तो कसा?

स्क्रू किंवा बोल्ट घट्ट राहतो तो आट्यांमुळे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः आटे केवळ ओढण्याचे काम करतात. नट फिरविला म्हणजे बोल्ट अत्यल्प प्रमाणात लांबतो, जणू तो एक ताठ स्प्रिंगच असतो. लांबलेला बोल्ट पूर्ववत होऊ पाहतो व त्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. हा दाब व त्यापासून होणारे घर्षण हीच खरी पकड होय.

ही लांबण्याची क्रिया किती सूक्ष्म असते, हे पाहण्यासारखे आहे. ६ मि.मी. जाडीच्या नेहमीच्या बोल्टाला २५ मि.मी. अंतरात योग्य आवळले असता तो सुमारे पाच शतांश मिलिमीटर एवढाच लांबतो. या बोल्टाच्या दोन आट्यांमधील अंतर १ मि.मी. असते, म्हणजे नट एक पूर्ण फेरा उलटा फिरला तर १ मि.मी. मागे येतो, आणि एका फेऱ्याच्या दहाव्या हिश्शाइतका फिरला तरी एक दशांश मिलिमीटर मागे येतो. जो ताण पाच शतांशावर उभा आहे, तो एवढ्याने पार नाहीसा होतो. नट जागच्या जागी दिसतो, बोटाने फिरतही नाही, परंतु त्याची पकड संपलेली असते. मूठ हलू लागते तेव्हा स्क्रू सैल झाल्याचे आपल्या लक्षात येते. प्रत्यक्षात तो त्यापूर्वी बरेच दिवस सैल झालेला असतो.

सैल होण्याची कारणे

पहिले कारण हादऱ्यांचे. ग्रास कटरचे इंजिन काम करताना मिनिटाला सात हजारांच्या आसपास फेरे घेते. दोन स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक ठोका पडतो. म्हणजे एका तासात चार लाखांहून अधिक ठोके त्या मुठीला बसतात. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखवून दिले की, बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडवे हादरे त्याला फार लवकर सैल करतात. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की घर्षणाची पकड क्षणभर सुटते व तेवढ्यात नट किंचित उलटा फिरतो. मूठ दाबली, ओढली, वळविली जात असल्याने तिला बसणारे हादरे बव्हंशी आडवेच असतात.

दुसरे कारण दबण्याचे. नव्या यंत्रावरील रंगाचा थर, रबराचा तुकडा व प्लॅस्टिक हे पदार्थ दाबाखाली हळूहळू दबतात. जाडी कमी झाली की बोल्टाचा ताण उतरतो. नट न फिरताही पकड जाते ती अशी. नवे यंत्र पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा आवळावे असे जे सांगतात, त्याचे कारण हेच आहे.

तिसरे कारण घाणीचे व गंजाचे. पाना फिरविताना लागणाऱ्या जोरापैकी सुमारे नऊ दशांश भाग डोक्याखालील व आट्यांमधील घर्षणातच खर्च होतो. बोल्टाला ताणण्यास जेमतेम एक दशांश उरतो. आट्यांत माती किंवा गंज असेल तर तो एक दशांशही राहत नाही. हाताला स्क्रू घट्ट लागतो, परंतु तो मातीमुळे घट्ट लागलेला असतो. हाताला घट्ट लागणे म्हणजे पकड असणे नव्हे, ही गोष्ट या साऱ्या विषयाचे सार म्हणता येईल.

चौथे कारण अति जोराचे. लांब पान्याने किंवा पान्याला नळी घालून आवळल्यास बोल्ट आपल्या मर्यादेपलीकडे ताणला जातो व मग पूर्ववत होत नाही. ताणून सोडलेल्या रबरासारखी त्याची शक्ती जाते. प्लॅस्टिकमध्ये तर आटेच कापले जातात.

आवळण्याची योग्य रीत

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी. इंजिन थंड होऊ द्यावे. नंतर पुढील क्रमाने काम करावे.

१. स्क्रू पूर्ण काढून घ्यावा. ब्रशने आट्यांतील माती काढावी, रॉकेलच्या फडक्याने पुसावे व कोरडा करावा. गंजाने खाल्लेला किंवा आटे झिजलेला स्क्रू पुन्हा बसवू नये. त्याच मापाचा नवा घ्यावा.

२. डोक्याला बरोबर बसेल असेच हत्यार वापरावे. काही यंत्रांच्या स्क्रूंना चौफुलीची, काहींना षटकोनी तर काहींना ताऱ्याच्या आकाराची खाच असते. जवळपासच्या मापाचे हत्यार वापरल्याने खाच खराब होते व पुढे स्क्रू निघतच नाही.

३. धातूत धातू बसविताना जोर बेताचा असावा. ६ मि.मी. च्या नेहमीच्या बोल्टासाठी १० सें.मी. लांब पान्याच्या टोकाशी सुमारे १० किलोचा जोर पुरतो; ८ मि.मी. साठी १५ सें.मी. लांब पान्यावर सुमारे १७ किलोचा जोर पुरेसा होतो. यंत्राच्या पुस्तकात वेगळा आकडा असल्यास तोच प्रमाण मानावा. आटे तेलकट असतील तर यापेक्षा कमी जोर लावावा. कारण तेलाने घर्षण घटते व तेवढ्याच जोरात बोल्ट अधिक ताणला जातो.

४. पकडीला चार बोल्ट असतील तर एकच बोल्ट पूर्ण आवळू नये. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जावे, म्हणजे पकड सर्व बाजूंनी सारखी बसते.

५. शेवटी नट व त्याखालील पत्रा या दोहोंवरून एकच सरळ रेघ रंगाने ओढावी. तैलरंग किंवा नखांना लावावयाचा रंगही चालतो. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला असे समजावे. ही रेघ निरक्षर माणसासही वाचता येते व पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही.

कोणते साहाय्य उपयोगी, कोणते नव्हे

दुकानातून स्प्रिंग वॉशर आणून घातला की काम झाले असे पुष्कळांना वाटते. परंतु आडव्या हादऱ्यांत स्प्रिंग वॉशरचा उपयोग फारसा होत नाही, हे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे. यंत्रासोबत तो आलेला असल्यास तो काढू नये. मात्र केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

नायलॉनचे कडे असलेला नट, ज्याला बाजारात नायलॉक नट म्हणतात, तो अधिक उपयुक्त आहे. त्यातील नायलॉन आट्यांना आवळून धरते, त्यामुळे ताण कमी झाला तरी नट गळून पडत नाही. तो वारंवार काढून बसविला की नायलॉन झिजते. हाताने सहज फिरू लागलेला नायलॉक नट टाकून द्यावा. सायलेन्सरजवळच्या उष्णतेत नायलॉन टिकत नाही, तेथे पूर्ण धातूचा नट वापरावा. जागा असल्यास एकावर एक दोन नट बसवून ते एकमेकांवर आवळणे हीदेखील जुनी व चांगली रीत आहे.

आटे चिकटविण्याचे द्रव औषध, म्हणजे थ्रेड लॉकर, हा आणखी एक उपाय आहे. अमेरिकेत व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली असे द्रव तयार केले. हवा न मिळाल्यास व धातूचा स्पर्श झाल्यास ते घट्ट होते. म्हणून बाटलीत पातळ राहते व आट्यांत गेल्यावर आवळून बसते. आटे तेलविरहित करून एक-दोन थेंब लावावेत व पूर्ण घट्ट होण्यास एक दिवस द्यावा. मुठीच्या पकडीसाठी मध्यम शक्तीचे, बहुधा निळ्या रंगाचे, घ्यावे. ते साध्या पान्याने उघडता येते. तीव्र शक्तीचे, बहुधा लाल रंगाचे, घेतल्यास बोल्ट उघडण्यासाठी तो अतिशय तापवावा लागतो, आणि प्लॅस्टिकच्या शेजारी ते शक्य नसते.

प्लॅस्टिकच्या मुठीबाबत विशेष काळजी

जे स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये जातात, त्यांना वरील द्रव लावू नये. त्याने काही प्रकारच्या प्लॅस्टिकला तडे जातात, आणि धातूचा स्पर्श नसल्याने ते नीट घट्टही होत नाही. अशा स्क्रूंसाठी हाताची युक्तीच महत्त्वाची आहे. स्क्रू छिद्रात ठेवून प्रथम हलकेच उलटा फिरवावा. ‘टक्’ असा आवाज होऊन तो किंचित खाली बसला की जुन्या आट्यात उतरला असे समजावे. मग सुलटा फिरवावा. थेट सुलटा फिरविल्यास तो नवे आटे पाडतो, आणि तीन-चार वेळा असे झाले की छिद्र गुळगुळीत होते. दोन्ही अर्धे भाग भिडले व स्क्रूचे डोके टेकले की बोटांनी थोडा पीळ देऊन थांबावे, मनगटाचा जोर लावू नये. छिद्र खराब झाले असल्यास किंचित जाड स्क्रू वापरता येतो. परंतु मुठीला तडा गेला असेल तर ती बदलणेच योग्य. मूठ जोडण्यापूर्वी केबल व तार आपल्या खाचेत आहेत, दोन भागांत चिमटलेल्या नाहीत, हे अवश्य पाहावे. जोडल्यावर खटका दाबून सोडावा. तो आपोआप मागे आला पाहिजे.

पात्याचा नट उलट्या आट्यांचा

मूठ तपासताना पात्याचा नटही पाहिला जातो, आणि तेथे एक चूक नेहमी होते. बहुतेक ग्रास कटरांत पात्याच्या नटाचे आटे उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरविल्यास सुटतो व उलट दिशेने आवळतो. पाते फिरताना नट सुटू नये म्हणून ही योजना केलेली असते. हे ठाऊक नसल्याने काढण्यासाठी तो अधिकच आवळला जातो व आटे जातात. गिअरपेटीच्या छिद्रात सळई घालून दांडा अडकवावा, हातमोजा घालावा, आणि मगच पाना लावावा.

पाऊस, पूर व साठवण

महाड-पोलादपुरातील दमट हवेत गंजापासून बचाव हा निम्मा उपाय आहे. काम संपल्यावर यंत्र पुसून, स्क्रूंच्या डोक्यांवर बाहेरून तेलाचा हात फिरवून, जमिनीपासून उंच टांगून ठेवावे. २२ जुलै २०२१ रोजी महाडास मोठा पूर आला, त्या वेळेसारखे पाणी घरात शिरल्यास यंत्र पाण्याखाली जाते. असे यंत्र तसेच चालू करण्याचा प्रयत्न करू नये. प्रथम स्वच्छ पाण्याने गाळ धुवावा, मूठ उघडून आतील गाळ काढावा, सावलीत पूर्ण वाळवावे आणि इंजिन जाणकाराकडून तपासून घ्यावे. गंजून बसलेल्या स्क्रूवर रॉकेल टाकून रात्रभर ठेवावे व दुसऱ्या दिवशी मागे-पुढे हलवीत काढावा. गंजाने जाम झालेला स्क्रू पक्का आहे असे मानणे ही मोठी फसगत होय. गंज त्याला धरून ठेवतो, परंतु तो मुठीला धरून ठेवीत नाही.

पॉवर टिलरच्या दांड्यांना व इंजिनाच्या पायांच्या बोल्टांना हेच नियम लागू पडतात. चिखलणीच्या दिवसांत ते रोज पाहावेत. फवारणीच्या पंपाच्या खटक्याची मूठ सैल झाल्यास तेथून औषध गळून हातावर येते. म्हणून ती औषध भरण्यापूर्वी साध्या पाण्याने चालवून पाहावी.

तपासणीचा क्रम

रोज काम सुरू करण्यापूर्वी: मूठ दोन्ही हातांनी हलवून पाहावी, रंगाच्या रेघा पाहाव्यात, खटका व बंद करण्याचे बटन तपासावे, पात्याचा नट व संरक्षक पत्रा पाहावा.

दर आठवड्यास: मुठीची पकड, पट्ट्याचा हूक व सायलेन्सर यांचे बोल्ट पान्याने तपासावेत.

मृगापूर्वी व भातकापणीपूर्वी: मुठीचे स्क्रू काढून स्वच्छ करावेत, झिजलेले बदलावेत व रेघा नव्याने ओढाव्यात.

यंत्र चालू असताना इतरांनी, विशेषतः मुलांनी, पंधरा मीटरांच्या आत येऊ नये. चालविताना मूठ हलत असल्याचे जाणवले तर ‘एवढा बांध संपवू’ असे न म्हणता तेथेच यंत्र बंद करावे.

कृषि यांत्रिकीकरण उपअभियानासारख्या योजनांतून अनेक शेतकऱ्यांनी अनुदानावर यंत्रे घेतली आहेत. यंत्राबरोबर मिळणारे पुस्तक व पान्यांची पिशवी अनेकदा माळ्यावर पडून राहते. ती खाली काढावी, त्या मापाचे दहा-बारा स्क्रू व नट एका डबीत घालून यंत्राशेजारी ठेवावेत. औत जुंपण्यापूर्वी रुमणे हलवून पाहण्याची सवय पूर्वीच्या शेतकऱ्यास होती. तीच सवय यंत्राच्या मुठीस लावली, तर स्क्रू सैल होण्याचे थांबले नाही तरी तो सैल झाल्याचे वेळीच कळेल, आणि हातपाय शाबूत राहण्यास तेवढे पुरेसे आहे.